जंगलाचे दार आणि जायबंदी जवान

जबलपूर या शहराच्या दोन ओळखी आहेत. पहिली ओळख लष्करी. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे इथे आहेत. सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे. १९०४ पासून चालत आलेला तोफगाड्यांचा कारखाना, लष्करी ट्रक बांधणारा वाहन कारखाना आणि खमरियाचा दारूगोळा कारखानाही इथेच. परमवीरचक्राच्या यादीतील अब्दुल हमीद, होशियार सिंग आणि योगेंद्रसिंह यादव ही नावे ग्रेनेडियर्सची. विक्रम बत्रा आणि संजय कुमार जम्मू-काश्मीर रायफल्सचे. छावणीच्या रस्त्यांवरून फिरताना ही नावे शिलालेखासारखी सोबत चालतात. दुसरी ओळख पर्यटकाची. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहून झाला की पर्यटक इथून मंडलामार्गे कान्ह्याला जातो, उमरिया जिल्ह्यातील बांधवगडला जातो किंवा सिवनीकडून पेंच गाठतो. २०२२ च्या व्याघ्रगणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ नोंदले गेले, देशात सर्वाधिक. आणि त्यांच्यातील बऱ्याच वाघांच्या घराकडे जाणारा रस्ता जबलपूरच्या स्थानकावरून किंवा डुमना विमानतळावरून निघतो.

या दोन ओळखी एकाच शहरात राहतात, परंतु एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. गेल्या काही वर्षांत या शहरात माझे दोन-तीनदा जाणे झाले आणि दर वेळी एक प्रश्न सोबत घेऊन मी परतलो. सीमेवर पाय गमावलेल्या जवानाला या देशाचे राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर त्याला किती पैसे पडावेत? आणि पैशाच्याही आधी, त्याला ते पाहता येते का?

प्रश्न वरकरणी किरकोळ आहे, हे मला ठाऊक आहे. निवृत्तिवेतनाचे, उपचारांचे, पुनर्नियुक्तीचे प्रश्न समोर उभे असताना जंगलाच्या प्रवेशशुल्काची चर्चा म्हणजे चैनीची चर्चा, असे कोणी म्हणू शकेल. परंतु राज्यसंस्था आपल्या जायबंदी सैनिकाकडे कसे पाहते, हे मोठ्या घोषणांपेक्षा अशा किरकोळ खिडक्यांवरच अधिक स्पष्ट दिसते. कोणता कागद चालतो, कोणता चालत नाही, खिडकीमागचा माणूस कोणता रकाना शोधतो, यात धोरण असते.

अमेरिकेने या बाबतीत काय केले, ते आधी पाहू. तिथे कायमचे अपंगत्व असलेल्या नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांत व इतर संघीय भूमीवर मोफत प्रवेश देणारा पास १९८० पासून आहे. २००४ च्या कायद्याने तो नव्या रचनेत आणला गेला आणि आज तो ‘ॲक्सेस पास’ म्हणून ओळखला जातो. तो आयुष्यभरासाठी असतो, दोन हजारांहून अधिक ठिकाणी चालतो आणि पासधारकाबरोबर त्याच्या खासगी मोटारीतील माणसांनाही आत घेतो. महत्त्वाचे म्हणजे, पुष्कळ ठिकाणी तंबू ठोकून राहण्याच्या शुल्कात तो निम्मी सूट देतो. यातला ‘सैनिक’ हा घटक मात्र बराच नंतर आला. अलेक्झांडर लॉफग्रेन हा अफगाणिस्तानात लढून आलेला तरुण पुढे एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात काम करीत होता. एप्रिल २०२१ मध्ये डेथ व्हॅली या राष्ट्रीय उद्यानात अडकून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावाने मांडलेला कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात संरक्षणखर्चाच्या विधेयकाबरोबर मंजूर झाला आणि ११ नोव्हेंबर २०२२ पासून माजी सैनिकांना व युद्धात मृत्यू पावलेल्या जवानांच्या कुटुंबीयांना आजीवन मोफत प्रवेश मिळू लागला.

इथे एक बारकावा आहे आणि आपल्या दृष्टीने सगळे सार त्यातच आहे. माजी सैनिकाचा पास उद्यानाचे दार उघडतो, परंतु मुक्कामाच्या शुल्कात सूट देत नाही. ती सूट अपंगत्वाच्या पासाला आहे. म्हणजे सेवेचा सन्मान आणि शरीराची अडचण या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. सन्मानाने दार उघडते. अडचणीमुळे जो जादा खर्च येतो, त्याची भरपाई दुसऱ्या पासाने होते. ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्याने अपंगत्वाचा पास घ्यावा हे शहाणपणाचे. आणि तो घेताना पुरावा म्हणून माजी सैनिकांच्या खात्याने दिलेला अपंगत्वाचा कागद पुरतो. दुसऱ्या रुग्णालयाच्या रांगेत पुन्हा उभे राहावे लागत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय स्तरावर असा एकच एक पास नाही. त्याचे कारण घटनात्मक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ व २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याचा आणि त्याचे शुल्क ठरवण्याचा व्यवहार राज्याच्या यंत्रणेकडे आहे. कलम ३५ ने तेच राष्ट्रीय उद्यानांना लागू केले. त्यामुळे शुल्क कोणाला, किती, सवलत कोणाला, हे राज्याराज्यांत आणि आदेशाआदेशांत बदलते. व्याघ्र प्रकल्पांच्या पर्यटनाला केंद्रीय शिस्त लागली ती २०१२ मध्ये, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जुलै महिन्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांसह ते पुन्हा सुरू केले. गाभा क्षेत्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, वाहनांची संख्या धारणक्षमतेप्रमाणे बांधलेली असावी, ही बंधने तेव्हापासूनची. वाघाच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण पर्यटक कोण असावा, याविषयी ती जवळजवळ मौन पाळतात.

आता कान्ह्याच्या किंवा बांधवगडच्या गेटवर उभे राहून हिशोब मांडू. तंबू ठोकून राहण्याचा प्रश्न गाभा क्षेत्रात उद्भवतच नाही. रात्र बाहेर काढायची आणि पहाटे उघड्या जिप्सीतून आत जायचे, ही आपली पद्धत. परवाना वाहनाचा असतो, एका वाहनात सहा पर्यटक. त्यावर गाइडचे पैसे वेगळे आणि जिप्सीचे भाडे वेगळे. जबलपूरहून जाण्यायेण्याची गाडी, एक रात्रीचा मुक्काम, बरोबरच्या माणसाचा खर्च हे त्याहून वेगळे. एका फेरीचा खर्च काही हजारांत जातो आणि सरकारी प्रवेशशुल्क हा त्याचा एक भागच असतो. म्हणून केवळ प्रवेशशुल्क माफ केल्याची घोषणा झाली, तर टाळ्या जितक्या मिळतील तितका उपयोग होणार नाही. अमेरिकी कायद्याने मुक्कामाच्या शुल्काला हात घातला, कारण तिथे खर्च मुक्कामाचा आहे. आपल्याकडे खर्च जिप्सीचा आणि खोलीचा आहे. सवलत द्यायचीच, तर ती तिथे लागली पाहिजे.

शहराच्या सदर भागात मला एक निवृत्त हवालदार भेटले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, नोकरीतली शेवटची वर्षे जबलपुरात गेली म्हणून इथेच घर बांधून राहिलेले. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात बसवलेला. हे केंद्र १९४४ पासून हेच काम करीत आले आहे. नातवंडांना वाघ दाखवायचा म्हणून हवालदारसाहेब कुटुंबाला घेऊन मध्य भारतातील एका व्याघ्र प्रकल्पात गेले. कोणत्या, ते मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ही कथा कोणत्याही गेटवर घडू शकते. तिथे त्यांनी आपले माजी सैनिकाचे ओळखपत्र आणि लष्करी वैद्यकीय मंडळाचा कागद पुढे केला. खिडकीवरच्या मुलाने अत्यंत नम्रपणे विचारले, “बाबूजी, यूडीआयडी कार्ड आहे का?”

ते त्यांच्याकडे नव्हते. “साहेब, मला वाटलं माझा पाय बघून कळेल,” ते मला म्हणाले आणि हसले. तक्रार म्हणून नव्हे. त्या मुलाचे काही चुकले नाही, असेच त्यांचे मत होते. “त्याच्याकडे यादी असते. यादीत माझा कागद नव्हता.”

हा कागद यादीत का नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. या देशात अपंगत्व मोजण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात. एक नागरी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकारचे अपंगत्व मानतो आणि बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची रेषा आखतो. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयासारखी नागरी वैद्यकीय यंत्रणा देते आणि त्यावरून विशिष्ट ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी, निघते. दुसरी पद्धत लष्करी. तिथे मुख्य प्रश्न असतो तो हा की, अपंगत्व सेवेमुळे आले का किंवा सेवेने वाढले का. टक्केवारी नंतर येते. सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याच्या बाबतीत वीस टक्क्यांची किमान रेषा आहे. आणि निवृत्तिवेतनासाठी टक्केवारी वरच्या टप्प्यापर्यंत मोजण्याची पद्धत आहे, म्हणजे पन्नासहून कमी असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यापुढे शंभर. सुरुवातीला हा लाभ अपंगत्वामुळे सेवेतून कमी केलेल्यांपुरता होता. सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये तो सेवा पूर्ण केलेल्यांनाही खुला केला.

याचा परिणाम काय होतो पाहा. एखाद्या जवानाचे अपंगत्व लष्करी मंडळाने तीस टक्के ठरवले, तर संरक्षण मंत्रालयाच्या लेखी निवृत्तिवेतनासाठी ते पन्नास टक्के धरले जाते. तोच जवान नागरी प्रमाणपत्रासाठी गेला आणि तिथेही तीसच टक्के भरले, तर चाळीसच्या रेषेखाली असल्यामुळे तो बहुतेक सवलतींच्या बाहेर. एकाच शरीराला एक मंत्रालय निम्मे अपंग मानते आणि दुसऱ्या खात्याच्या खिडकीवर तो धडधाकट ठरतो. जबलपुरात सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. या न्यायाधिकरणासमोर येणाऱ्या प्रकरणांत अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे दावे मोठ्या संख्येने असतात. दुखणे सेवेमुळे आले की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडून जो कागद जवान मिळवतो, तो कागद पुढे जंगलाच्या गेटवर वाचताही येत नाही, हे मला विलक्षण वाटते.

माझ्या मते पहिली दुरुस्ती इथे हवी आणि तिला एक रुपयाही लागत नाही. लष्करी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र किंवा निवृत्तिवेतनाच्या आदेशावरील अपंगत्वाची नोंद ही सर्व सार्वजनिक सवलतींसाठी यूडीआयडीच्या बरोबरीने ग्राह्य धरावी, एवढा आदेश पुरे. एक सरकार दुसऱ्या सरकारच्या डॉक्टरवर विश्वास ठेवते, इतकाच त्याचा अर्थ.

पथकराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सेवेतील जवानाला पथकरातून सूट देणारा कायदा १९०१ चा आहे. निवृत्त झाल्यावर ती सूट संपते आणि तरीही पथकर नाक्यांवर माजी सैनिकांचे वाद होत राहतात. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत परमवीरचक्रापासून शौर्यचक्रापर्यंतच्या पदकधारकांना सूट आहे. अपंग व्यक्तीसाठी खास बांधलेल्या वाहनालाही आहे, पण ती वाहनाच्या बांधणीमुळे. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळणारे पराक्रम पदक मात्र त्या यादीत नाही. शौर्य आणि जखम यांत शौर्य वरचे, ही लष्करी परंपरेची क्रमवारी असेल आणि तिच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. परंतु प्रवासात, पायऱ्यांवर, रांगेत अडचण येते ती जखमेमुळे, पदकामुळे नव्हे. कारगिलच्या युद्धात ५२७ जवान शहीद झाले, ही संख्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. जखमींची अधिकृत संख्या १,३६३ होती. ती कोणाला विचारून पाहा.

२०१८ हे वर्ष लष्कराने कर्तव्य बजावताना अपंगत्व आलेल्या सैनिकांना अर्पण केले होते. मेळावे झाले, सत्कार झाले, मदतीची साधने वाटली गेली. मला त्या उपक्रमाचे मोल कमी लेखायचे नाही. पण अपंग जवानाची आपल्या मनात दोनच चित्रे आहेत: एक व्यासपीठावर शाल पांघरून बसलेला, दुसरे पदक जिंकणारा. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण महाराष्ट्राला चांगले माहीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सांगली जिल्ह्यातील जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले आणि सर्वसामान्यांना त्यांचे नाव कळायला एका हिंदी चित्रपटाची वाट पाहावी लागली. खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढणारे जवान बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारेही तिथे झाले. हे सारे थोर आहे. पण ज्याला काहीही जिंकायचे नाही, फक्त पहाटे साल वृक्षांच्या धुक्यात बसून बारशिंग्यांचा कळप पाहायचा आहे, अशा जवानासाठी आपल्याकडे चित्र नाही आणि म्हणून नियमही नाही.

वास्तविक कायदा आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाविषयी बोलते आणि त्यात बालवीर चळवळ, नृत्य, कलावर्ग यांच्याबरोबरच मैदानी शिबिरे व साहसी उपक्रम यांत सहभाग सुकर करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकते. हे वाचून मी स्वतः चकित झालो होतो. आपल्या कायद्यात तंबूचा उल्लेख असेल असे मला वाटले नव्हते. याच कायद्याने सार्वजनिक इमारती व सेवा सुगम करण्यासाठी मुदती घालून दिल्या होत्या. त्या उलटून गेल्या. शेवटी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक निकष तीन महिन्यांत बनवा. रॅम्प, शौचालय, संकेतस्थळ यांची चर्चा त्यानंतर पुन्हा सुरू झाली. जंगलाच्या गेटपर्यंत ती पोहोचली पाहिजे.

कारण उघड्या जिप्सीत चढणे हे दोन पायांच्या माणसालाही सोपे नसते. चाकाजवळच्या पायरीवर एक पाय ठेवायचा, वरचा दांडा पकडायचा आणि अंग वर खेचायचे. हवालदारसाहेब चढले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस चढलाच नसता. एकदा आत गेले की ठरलेल्या थांब्यांखेरीज खाली उतरता येत नाही, आणि फेरी काही तासांची असते. कृत्रिम पाय तितका वेळ एकाच कोनात दुमडून बसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच माहीत. भेडाघाटला पंचवटी घाटाच्या पायऱ्या उतरल्याशिवाय नाव मिळत नाही. धुवांधारला दोरवाटेचा पाळणा आहे, म्हणून निदान धबधबा वरून दिसतो. या ठिकाणी प्रवेशशुल्क माफ असले काय आणि नसले काय!

आता विरोधी बाजू, कारण ती हलकी नाही.

पहिला आक्षेप पैशाचा. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर जमणारा पैसा मध्य प्रदेशात थेट राज्याच्या तिजोरीत विरून जात नाही. तो उद्यानाच्या विकास निधीत राहतो आणि त्यातील एक हिस्सा भोवतालच्या गावांच्या समित्यांना जातो. ही गावे कोणाची? बैगा आणि गोंड यांची. यांच्यातल्या अनेकांच्या आधीच्या पिढ्या वाघासाठी गाभा क्षेत्रातून उठवल्या गेल्या. तेव्हा सैनिकाला दिलेली सूट शेवटी बैग्याच्या वाट्यातून कापली जाणार असेल, तर तो एका त्यागाचा हिशोब दुसऱ्या त्यागातून चुकता करण्याचा प्रकार होईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून सवलत उद्यानाने सोसू नये; माफ केलेल्या शुल्काची रक्कम संरक्षण मंत्रालयाने किंवा सैनिक कल्याणाच्या निधीने उद्यानाला भरून द्यावी. रक्कम मोठी नसेल. तिचा हिशोब ठेवला जाईल, हा आणखी एक फायदा.

दुसरा आक्षेप सवलतींच्या पिकाचा. दरवर्षी सुमारे साठ हजार जवान निवृत्त होतात. सगळ्या माजी सैनिकांना सगळीकडे सूट दिली, तर तिला अर्थ राहणार नाही. इथेच अमेरिकी कायद्यातील तो बारकावा उपयोगी पडतो. सरसकट माजी सैनिकांसाठी नव्हे, तर अपंगत्वासाठी सूट असावी, आणि तिच्यात सेवेत जायबंदी झालेल्यांना एक पायरी अधिक मिळावी.

यातूनच तिसरा मुद्दा निघतो, जो माजी सैनिकांच्या मेळाव्यांत फारसा ऐकू येत नाही. ‘माजी सैनिक’ या व्याख्येत केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान बसत नाही. कान्ह्याचा मोठा भाग ज्या बालाघाट जिल्ह्यात आहे, तो अनेक वर्षे नक्षलग्रस्त होता. सीमेपलीकडचा गडचिरोली तर आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथे सुरुंगाने पाय गमावलेला पोलीस आणि काश्मीरमध्ये सुरुंगाने पाय गमावलेला जवान यांच्या जखमेत फरक कोणता? आणि खुद्द त्या जंगलात गस्त घालताना वाघाच्या किंवा अस्वलाच्या हल्ल्यात हात गमावलेला वनरक्षक? त्याला त्याच गेटवर तिकीट काढायला लावायचे का? निकष ‘गणवेशातील कर्तव्यात आलेले अपंगत्व’ असा ठेवला तर हे सारे एका रांगेत येतात. काही माजी सैनिक संघटनांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. विशिष्टत्व हाच सन्मान, असे मानणारा एक वर्ग असतो. मी त्या वर्गाशी सहमत नाही.

चौथा आक्षेप वनाधिकाऱ्यांचा, आणि तो सर्वांत व्यवहारी आहे. वाहनांची संख्या ठरलेली आहे. सवलतीने जागा वाढत नाहीत. हंगामात आरक्षण खुले होताच चांगल्या प्रवेशद्वारांच्या जागा संपतात. म्हणजे ज्याला आरक्षणच मिळाले नाही, त्याची सवलत कागदावरच राहणार. हे खरे आहे आणि म्हणूनच माझा भर दरावर नसून जागेवर आहे. प्रत्येक प्रवेशद्वाराने प्रत्येक फेरीत एक वाहन राखून ठेवावे: मागून उतार लावता येईल असे, एक आसन काढून चाकाची खुर्ची बसवता येईल असे, आणि बरोबरच्या माणसासाठी विनाशुल्क जागा असलेले. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी अपंग प्रवासी आला नाही, तर ते सर्वांना खुले करावे. वाहनांची एकूण संख्या तीच राहते, वाघाला काही फरक पडत नाही. गाइडांच्या प्रशिक्षणात एक दिवस या कामासाठी द्यावा. राज्य परिवहनाच्या बसमध्ये अपंगांसाठी आसन राखून ठेवणे आपल्याला नवीन नाही, आणि महाराष्ट्रात तर अपंग प्रवाशाला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट पूर्वीपासून आहे. जिल्ह्याच्या बसला जे जमते, ते जिप्सीला न जमण्याचे कारण दिसत नाही.

मुक्कामाचेही तसेच. सैनिकी विश्रामगृहांचे जाळे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत आहे, पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी. जंगलाच्या दाराशी असतात ती वन विभागाची विश्रामगृहे आणि पर्यटन महामंडळाची निवासस्थाने. तिथे तळमजल्यावरची, रुंद दाराची, धरायला दांडे असलेल्या शौचालयाची एक खोली सेवेत जायबंदी झालेल्यांसाठी निम्म्या दराने ठेवली, तर अमेरिकेतील तंबूच्या सवलतीचे ते भारतीय रूप होईल.

जबलपूरच्या जंगलांशी सैनिकांचा संबंध जुना आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशाचे इंग्रजीतील गाजलेले वर्णन कॅप्टन जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने लिहिले. ते १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्या काळी लष्करी अधिकाऱ्याला जंगल म्हणजे शिकारीचे ठिकाण होते आणि परवाना बंदुकीचा असे. शिपायाला जंगलात जायचे कारण म्हणजे हाके. दीडशे वर्षांनी बंदूक गेली, हाके गेले, शिकारीचा परवाना पर्यटनाचा झाला. हवालदाराचे स्थान मात्र अजून ठरायचे आहे.

हे ठरवण्याची सुरुवात कुठे करावी, असे मला कोणी विचारले, तर मी पेंचचे नाव सांगेन. एकच जंगल, मधून गेलेली राज्याची सीमा. उत्तरेकडे सिवनी जिल्ह्यातील तुरियाचे गेट मध्य प्रदेशचे. दक्षिणेकडे नागपूर जिल्ह्यातील सिल्लारी आणि खुर्सापारची गेटे महाराष्ट्राची. वाघ सकाळी एका राज्यात असतो आणि दुपारी दुसऱ्या. पर्यटकाला मात्र दोन शुल्कपत्रके, दोन आरक्षणव्यवस्था आणि ओळखपत्रांच्या दोन याद्या. नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही छावणीची शहरे, दोन्हीकडून पेंचला येता येते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने दोन्ही राज्यांच्या वन विभागांना आणि सैनिक कल्याण खात्यांना एका टेबलाभोवती बसवून एका हंगामापुरता एक समान पास इथे चालवून पाहावा. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते आणि मध्य प्रदेशातील उद्याने १ ऑक्टोबरला उघडतात. त्याआधीचे तीन महिने दोन्ही बाजूंच्या याद्यांत लष्करी वैद्यकीय मंडळाच्या कागदाची एक ओळ घालायला आणि प्रत्येक गेटवर एका जिप्सीला उतार बसवायला पुरेसे आहेत.